क्लॅरिनेटला जमलं, ते कीर्तनाला का नाही?

दर उन्हाळ्यात इथे इस्रायलमध्ये साफेदच्या जुन्या गल्ल्यांमध्ये क्लेझमेरचा, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या संगीताचा, महोत्सव भरतो आणि त्यात मानाचं वाद्य असतं क्लॅरिनेट. आपल्यापैकी अनेक कुटुंबं तिथे जातात आणि वाजवणाऱ्यांचं कौतुक करत परततात. ते कौतुक रास्तच आहे. पण त्या मेळ्याचं खरं बळ रात्रीच्या मैफलींपेक्षा शिकवण्यात आहे, याकडे आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही. जिओरा फाइडमन यांच्यासारख्या बुजुर्ग क्लॅरिनेटवादकानं त्या गावात तरुणांचे वर्ग घेतले. ऐकणाऱ्यांच्या गर्दीइतकंच महत्त्व तिथे वाजवणाऱ्यांच्या गोतावळ्याला आहे. चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून आपण बेने इस्रायलांनी बरोबर आणलेल्या मराठी कीर्तनाला नेमकी याचीच उणीव आहे. कला श्रोत्यांच्या टाळ्यांवर तगत नाही. ती करणारी माणसं एकमेकांना भेटत राहिली, चुका काढत आणि शिकवत राहिली, तरच ती पुढच्या पिढीत उतरते.

पुरावा क्लॅरिनेटच्याच इतिहासात आहे. युक्रेनमधून १९२१ साली न्यूयॉर्कला पोचलेला डेव्ह टॅरस आधी फरच्या कारखान्यात कामाला लागला आणि मग ज्यू लग्नसमारंभांतला सर्वांत नावाजलेला क्लॅरिनेटवादक झाला. पण स्थलांतरितांची मुलं अमेरिकन झाली, लग्नांत दुसरी गाणी वाजू लागली आणि १९६० नंतर त्याच्या सुरांना विचारणारं फारसं कोणी उरलं नाही. मग अँडी स्टॅटमन नावाचा एक तरुण मँडोलिनवादक त्याच्याकडे शिकायला गेला. १९७८ साली न्यूयॉर्कमध्ये म्हाताऱ्या टॅरसची जी मैफल झाली, तिच्याबद्दल लिहिताना हात आवरत नाही. सभागृह तुडुंब भरलं होतं. ऐकायला जुनी स्थलांतरित माणसं होती, तशी ज्यांनी हे संगीत घरात कधी ऐकलंच नव्हतं अशी तरुण मुलंही होती. टॅरसचं वादन पाहा: स्वच्छ, नेटकं, कुठेही आरडाओरडा नाही. सूर संपता संपता घशात आवंढा अडकावा तसा तुटतो आणि पुढच्या क्षणी त्याच फुंकरीतून नाचाची लय उसळते. रडणं आणि नाचणं यांच्यात त्यानं भिंत ठेवलीच नाही. एवढी मोठी मैफलसुद्धा एकटी पुरली नसती. १९८५ पासून दर हिवाळ्यात कॅट्सकिल डोंगरातल्या हॉटेलात क्लेझमेर शिबिर भरू लागलं, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एका छपराखाली शिकू लागले, आणि ते सुमारे तीस वर्षं चाललं. टॅरस १९८९ साली गेला, तोवर त्याची वाट धरणारे पुष्कळ तयार झाले होते.

आपल्या कीर्तनाचा इतिहास सभासदांना सांगायला नको, पण एक गोष्ट अधोरेखित करायला हवी. चेऊलकर, नवगावकर, किहिमकर, अष्टमकर ही आडनावं ज्या गावांची, त्याच मुलखात आपले पूर्वज शेजाऱ्यांच्या देवळांतली हरिकीर्तनं ऐकत वाढले. १८८० च्या सुमारास अष्टमकर, दिवेकर यांच्यासारख्यांनी मुंबईत तो साचा उचलला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रं ओतली. पूर्वरंग-उत्तररंग, साकी, दिंडी, कटाव, हाताशी झांज आणि पेटी, सारं कोकणातलं. कथा मात्र तोराहची. योसेफाच्या आख्यानात भाऊ धान्य मागायला मिसरात येतात आणि तो त्यांना ओळखतो, पण ओळख देत नाही, तिथे जाणता कीर्तनकार गद्य थांबवतो. पेटीचा एकच सूर धरून ठेवतो, श्रोत्यांना ताटकळवतो आणि मगच साकी उचलतो. हा थांबा कुठल्याही वहीत लिहिलेला नसतो. तो शेजारी बसूनच शिकावा लागतो.

आज आपल्याकडे वह्या आहेत, त्याही केवळ आपल्या मंडळातल्या दोन-तीन बायांच्या कृपेनं. नोकरी, नातवंडं, दुखणारे गुडघे सांभाळून त्यांनी जीर्ण पोथ्यांमधली पदं उतरवून काढली, चाली ध्वनिमुद्रित केल्या, तबलजी मिळेना तेव्हा स्वतः ठेका धरला. त्यांचं ऋण या मंडळाला फेडता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. पण त्यांच्या पाठीशी कोण आहे? वार्षिक कार्यक्रमात कीर्तनाला वीस मिनिटं मिळतात, पूर्वरंग गळतो, पेटीऐवजी कीबोर्ड येतो, आणि मुलांसाठी मराठी पदं हिब्रू अक्षरांत लिहून दिली जातात. त्या लिपीत ळ आणि ल, ण आणि न सारखेच होतात. मुलं मग तेच गातात. कीबोर्ड एक वेळ चालेल, पण उच्चार सोडला तर साकीची चालच लंगडते, हे मान्य करायला हवं.

यावर आक्षेप ठरलेला आहे: क्लॅरिनेटला भाषा लागत नाही, कीर्तनाला लागते, आणि दिमोना-अश्दोदमध्ये वाढलेल्या मुलांना मराठी येत नाही. अर्धं खरं आहे. कथाभाग आणि निरूपण हिब्रूत करावं, माझी हरकत नाही. कीर्तनकारानं समोरच्यांना समजेल असंच बोलायचं असतं. पदं मात्र मराठीतच राहावीत आणि ती कानानं शिकवावीत, लिपी नंतर. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ही मुलं इस्रायलची आहेत, त्यांच्या डोक्यावर कोकणाचं ओझं कशाला? नव्या राष्ट्राच्या उभारणीत पूर्व युरोपातलं यिद्दिश गाणंबजावणंही परदेशातलं जुनाट खटलं म्हणून बाजूला सारलं गेलं होतं. आज त्याच परंपरेतलं क्लॅरिनेट ऐकायला गल्लीत उभं राहायला जागा मिळत नाही. जुनं जपल्यानं इस्रायलीपण उणं होत नाही, हे या देशानंच दाखवून दिलं आहे. आणि आपल्या मुलांना मलिद्याचा गोडवा कळतो, तर साकीचा कळणार नाही असं आधीच का ठरवायचं?

म्हणून कार्यकारिणीला एक मागणं आहे. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वार्षिक कार्यक्रमाच्या खर्चातला काही भाग काढून तीन दिवसांचं निवासी शिबिर भरवावं. प्रेक्षक नकोत, नटणं नको, पाहुण्यांचे सत्कार नकोत. सकाळी झांज आणि ठेका, दुपारी पदं, रात्री बुजुर्गांनी एकेक आख्यान पूर्ण, पूर्वरंगासकट सांगावं आणि मुलांनी मागे उभं राहून साथ करावी. चौल-अलिबागकडच्या एखाद्या हरिदासाला साकी-दिंडी शिकवायला बोलवावं. त्यांच्या आणि आपल्या चालींचं माहेर एकच आहे. आरंभ योसेफापासून करावा, कारण ते आख्यान आपल्याकडे अजून दोघींना अखंड येतं.