स्किफ, कॅटमरान आणि एका आकड्याचा हट्ट

दोन वेगळ्या जातीच्या शिडाच्या होड्या एकाच शर्यतीत उतरल्या, तर जिंकलं कोण हे ठरवायचं कसं? ब्रिटनमधल्या सेलिंग क्लबांचा यावरचा तोडगा म्हणजे पोर्ट्समथ यार्डस्टिक. होडीच्या प्रत्येक प्रकाराला एक आकडा द्यायचा. होडी जितकी वेगवान, तितका आकडा लहान. लागलेल्या वेळेला त्या आकड्याने भागायचं, हजाराने गुणायचं, आणि ज्याचा हा सुधारित वेळ सर्वांत कमी तो विजेता. पद्धत सोपी आहे आणि क्लबांनी पाठवलेल्या निकालांवरून आकडे सुधारतही जातात. तरीही स्किफ आणि कॅटमरान यांची तुलना करायला ती अपुरी पडते, असं माझं म्हणणं आहे. का, ते बघू.

आधी ओळख. स्किफ म्हणजे एकच हलका, सपाट तळाचा सांगाडा आणि त्याच्या मानाने अवाढव्य शीड. उदाहरणार्थ ज्युलियन बेथवेट यांनी डिझाइन केलेली फोर्टी-नायनर. लांबी ४.९९ मीटर, सिडनी २००० पासून ऑलिम्पिकमध्ये. टोकियोत आपले के. सी. गणपती आणि वरुण ठक्कर याच होडीत होते. कॅटमरान म्हणजे दोन अरुंद सांगाडे, मधे आडव्या दांड्या. टॉर्नेडो ही त्यातली नामवंत होडी, १९७६ ते २००८ ऑलिम्पिकमध्ये होती. (शब्द मूळचा तमिळ, ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेले ओंडके. पण तो तराफा होता, दोन सांगाड्यांची होडी नव्हे.) ज्यांनी कोकणात उलांडीची होडी पाहिली आहे, त्यांना आधार बाजूला सरकवल्याने काय साधतं हे वेगळं सांगायला नको.

आता वारा. शिडावरचं बल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे ५ नॉटच्या वाऱ्यात १० नॉटच्या तुलनेत फक्त पाव बल मिळतं (१ नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर). इतक्या मंद वाऱ्यात होडी हळू चालते, लाटा फारशा उठत नाहीत, आणि मुख्य विरोध असतो पाण्याच्या घर्षणाचा. तो पाण्याला टेकलेल्या पृष्ठभागावर अवलंबून. समजा एका सांगाड्याचं वजन तेवढ्याच लांबीच्या आणि तशाच आकाराच्या दोन अरुंद सांगाड्यांत वाटलं. प्रत्येकाचा पाण्याखालचा छेद निम्मा झाला, पण त्याचा परीघ निम्मा होत नाही, तो वर्गमुळाच्या हिशोबाने घटतो. दोन्ही मिळून ओला पृष्ठभाग होतो मूळच्या १.४१ पट. मंद वाऱ्यात कॅटमरान पाण्याला ‘चिकटल्यासारखी’ वाटते, ती यामुळे. तिचे खलाशी अशा वेळी वजन एका बाजूला टाकून दुसरा सांगाडा हलका करायला बघतात, तेही याचसाठी.

वारा वाढला की खेळ बदलतो. स्किफ स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, आणि पुरेसा जोर मिळाला तरच तिच्यावर चढून पाण्यावरून घसरू लागते. याला प्लेनिंग म्हणतात. जोर थोडा कमी पडला तर ती लाटेमागेच राहते. कॅटमरानचे सांगाडे इतके सडपातळ असतात की लाटच लहान उठते, त्यामुळे तिचा वेग सलग वाढत जातो. या पट्ट्यात एक-दोन नॉटच्या फरकाने स्किफचं चित्र पालटतं.

जोरदार वाऱ्यात प्रश्न उरतो उलटण्याचा. ढोबळ हिशोब करू. दोन्ही होड्यांची रुंदी ३ मीटर, दोन खलाशी मिळून १५० किलो, दोघेही तारेला लटकून काठापासून ०.९ मीटर बाहेर. स्किफला तोलाची भुजा मिळते १.५ अधिक ०.९, म्हणजे २.४ मीटर. तोल ३६० किलो-मीटर. कॅटमरान वाऱ्याकडचा सांगाडा उचलून पलीकडच्या सांगाड्यावर रेलते. खलाशांची भुजा होते साधारण ३.७ मीटर, म्हणजे ५५५. शिवाय होडीचं स्वतःचं वजनही मदतीला येतं. १५० किलो गुणिले १.४ मीटर, म्हणजे आणखी २१०. एकूण ७६५, दुपटीहून जास्त! जिथे स्किफला शीड ढिलं सोडावं लागतं, तिथे कॅटमरान ते ताणून धरू शकते. अर्थात किती काळ? तिची अरुंद नाकं लाटेत घुसली की ती पुढच्या बाजूला कोलांटी खाते.

आता त्या आकड्याकडे या. समजा स्किफचा आकडा ७००, कॅटमरानचा ६४०. मंद वाऱ्यात स्किफला ७० मिनिटं लागली, कॅटमरानला ७२. सुधारित वेळ १०० आणि ११२.५. जोरदार वाऱ्यात ६० आणि ५०. सुधारित वेळ ८५.७ आणि ७८.१. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण तत्त्व खरं आहे. दोन्ही दिवशी निकाल सकाळी किनाऱ्यावरच ठरला होता. कौशल्याला वाव राहावा म्हणून केलेली पद्धत इथे हवामानालाच बक्षीस देते.

अमेरिकेतली पोर्ट्समथ पद्धत हे ओळखते आणि ब्यूफोर्टनुसार वाऱ्याच्या पट्ट्यांचे वेगळे आकडे देते: ०-१, २-३, ४, ५-९. पाऊल योग्यच. पण २-३ चा पट्टा म्हणजे साधारण ४ ते १० नॉट. या एका पट्ट्यात शिडावरचं बल सव्वासहा पट बदलतं! आणि स्किफचं घसरणं सुरू होण्याची धडपड बऱ्यापैकी याच भागात चालते. जिथे बारीक मोजायला हवं, तिथेच पट्टी जाड आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. निकालांवरून काढलेले आकडे शर्यत पूर्ण करणाऱ्यांच्या वेळेवरून निघतात. कोलांटी खाल्लेल्या कॅटमरानचा वेळच नसतो. सोसाट्याच्या वाऱ्यात नवखे खलाशी होडी पाण्यात ढकलतच नाहीत. म्हणजे जोरदार वाऱ्याच्या रकान्यात उरतात मुख्यतः पट्टीचे खलाशी, आणि श्रेय जातं होडीला. लहान कॅटमरानसाठीची एससीएचआरएस पद्धत लांबी, वजन, शिडाचं क्षेत्रफळ अशा मापांच्या सूत्रावर चालते, त्यामुळे हा दोष टळतो. पण हाती येतो पुन्हा एकच आकडा.

तिसरी गोष्ट, शर्यतीचा मार्ग. वाऱ्याविरुद्ध जाताना होडीला नागमोडी वळणं घ्यावी लागतात. दोन लांब, समांतर सांगाडे वळवताना कॅटमरानचा वेग मरतो. आखूड मार्गावर वळणं जास्त, म्हणून तिचं नुकसानही जास्त.

यार्डस्टिक टाकून द्या असं मी म्हणत नाही. रविवारच्या क्लब शर्यतीला तेवढं पुरतं. पण तोच आकडा बघून एखादा क्लब होडी विकत घेतो, तेव्हा प्रश्न लाखोंचा होतो. एकाच किनाऱ्यावर पहाटेचे मतलई वारे आणि दुपारचे खारे वारे या दोन होड्यांचा क्रम उलटा लावू शकतात. म्हणून निकालासोबत तीन नोंदी हव्यात: वारा किती नॉट होता, किती होड्या शर्यत अर्धवट सोडून परतल्या, आणि मार्गावर वळणं किती होती. यापुढे ‘अमुक होडी तमुकपेक्षा दहा टक्के वेगवान’ असं वाचलंत, की या तीन गोष्टी विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ते दहा टक्के बाजूला ठेवा.