'पहान', 'त्याग' आणि एक इंग्रजी शब्द

पालि सुत्ते मराठीत आणणारा आपल्याकडील अभ्यासक बहुधा एखादा इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवूनच काम करतो. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. परंतु या सोयीमुळे कधी कधी पालि शब्दाऐवजी इंग्रजी शब्दाचेच भाषांतर होते. 'पजहति' हे क्रियापद आणि त्यापासून झालेले 'पहान' हे नाम याचे ठळक उदाहरण आहे.

ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८९९ मध्ये दीघनिकायातील पहिल्या सुत्ताचा अनुवाद करताना 'पहाय' या रूपासाठी 'पुट अवे', म्हणजे दूर ठेवणे, असा साधा प्रयोग केला. भिक्खू ञाणमोली व भिक्खू बोधी यांच्या १९९५ च्या मज्झिमनिकायाच्या अनुवादात 'अबॅन्डन' हा शब्द आला, आणि तो आता रूढ झाला आहे. हा अनुवाद अत्यंत काटेकोर आहे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न शब्दाच्या छटेचा आहे. 'अबॅन्डन' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. दुसऱ्याच्या सत्तेखाली सोपवून देणे हा त्याचा मूळ अर्थ. आज तो बुडत्या जहाजाविषयी, उघड्यावर टाकलेल्या अर्भकाविषयी, पत्नीला टाकून गेलेल्या नवऱ्याविषयी वापरला जातो. आपला अनुवादक त्यासाठी 'परित्याग' लिहितो, आणि मराठी वाचकाच्या मनात तत्काळ 'परित्यक्ता' उभी राहते.

पालीत मात्र 'पहान' हा 'हा' धातूपासून येतो. आपली 'हानी' त्याच धातूची. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात दुसऱ्या आर्यसत्याविषयीचे कर्तव्य 'पहातब्ब' असे सांगितले आहे, आणि तेथे त्याचे कर्म तण्हा हे आहे. अन्यत्र पाच नीवरणे, प्राणिहिंसा, असत्य भाषण ही त्याची कर्मे होतात. मराठीत याला 'सोडणे' हा शब्द पुरेसा आहे. माणूस दारू सोडतो. दारूचा परित्याग करतो असे आपल्या वस्तीत कोणी म्हणत नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. सामञ्ञफल सुत्तातील प्रव्रज्येच्या ठराविक परिच्छेदात संपत्ती आणि आप्तस्वकीय यांच्याबाबतही 'पहाय' हेच रूप येते. म्हणून पालीत हा शब्द केवळ क्लेशांपुरता आहे, असा दावा करता येणार नाही. तथापि त्या परिच्छेदात कोणी कोणाला वाऱ्यावर सोडल्याची सूचना नाही. अरियपरियेसन सुत्तात भगवान स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात, तेव्हा आईवडील रडत असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ते जाणे त्यांच्या देखत झाले. निजलेल्या पत्नीस व पुत्रास सोडून मध्यरात्री निघून जाण्याची कथा तेथे नाही. ती निदानकथा, ललितविस्तर अशा नंतरच्या ग्रंथांतून लोकांच्या मनात रुजली.

डॉ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हीच गाठ सोडविली आहे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात निर्माण झालेला संघर्ष, संघाच्या सभेतील विरोध, आईवडिलांशी व यशोधरेशी झालेले बोलणे, तिची संमती हे सारे उघडपणे घडते. याला इंग्रजीत 'रिनाउन्स' हा शब्द शोभेल. तो लॅटिनमधील 'जाहीर करणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. दहा पारमितांपैकी 'नेक्खम्म' समजावताना बाबासाहेबांनी याच कुळातील शब्द योजला. बावीस प्रतिज्ञांपैकी एकोणिसाव्या प्रतिज्ञेत 'त्याग' आणि 'स्वीकार' हे शब्द एकाच वाक्यात येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात तो त्याग लाखोंच्या समक्ष उच्चारला गेला. तेथे 'अबॅन्डन' कोणी लिहून पाहावे! मराठीत मात्र दोन्ही इंग्रजी शब्दांसाठी आपण 'त्याग' हाच शब्द वापरतो, आणि मग आपल्याच सभांतून सिद्धार्थाने पत्नीला टाकले काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो.

या शब्दाची दुसरी अडचण आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ध्यानी आली. तळोद्याकडील एका धम्मवर्गात मी अलगद्दूपम सुत्त शिकवीत होतो. जे तुमचे नाही ते सोडा, असा त्यातील उपदेश आहे. एका श्रोत्याने विचारले, "सर, मग धरणात गेलेली जमीनही आमची नव्हतीच म्हणायची का?" सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांत १९९० च्या दशकापासून पाणी चढत गेले. ती घरे कोणी 'अबॅन्डन' केली नव्हती. ती हिरावली गेली.

मी त्यांना सुत्तच पुन्हा वाचून दाखविले. भगवान विचारतात: जेतवनातील गवत, काटक्या, फांद्या कोणी नेल्या वा जाळल्या, तर आपल्यालाच नेले असे तुम्हाला वाटेल काय? भिक्खू नाही म्हणतात. पुढे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांना 'मी' आणि 'माझे' मानू नये, असे स्पष्ट केले आहे. येथे सोडावयाचे आहे ते पाच स्कंधांवरील हे ममत्व. सातबाऱ्यावरील नावाविषयी, पुनर्वसनाच्या हक्काविषयी हे सुत्त काहीही बोलत नाही. 'पजहथ' ही आज्ञा साधकाने स्वतःच्या चित्तासाठी स्वीकारावयाची आहे. दुसऱ्याच्या शेताविषयी त्याला सुनावण्याची नव्हे.

त्या वर्गापासून मी माझ्या टाचणातील 'परित्याग करा' खोडून 'सोडा' असे लिहिले आहे. नीवरणांसाठीही तोच शब्द ठेवला आहे. सामञ्ञफल सुत्तातील आप्तस्वकीयांच्या जागी कोणता शब्द योजावा, हे अद्याप ठरलेले नाही. 'मागे ठेवून' असे तूर्त लिहिले आहे.