बेने इस्रायली कीर्तनाच्या चाली : लोकमूळाचा प्रश्न

रायगड किनाऱ्यावरील अलिबाग, रेवदंडा, नवगाव या परिसराशी नाते सांगणाऱ्या बेने इस्रायली समाजाने १८८० च्या सुमारास मुंबईत मराठी कीर्तनाचा अंगीकार केला. सिनेगॉगमधील उपासना हिब्रूत. कीर्तन मात्र मराठीत. आख्याने योसेफ, मोशे, दावीद यांची. रचना ओवी, साकी, दिंडी, आर्या या बंधांतील. या चाली कोकणच्या लोकगीतांतून आल्या, असे सर्रास म्हटले जाते. हे मत तपासून घेणे आवश्यक आहे.

लोकमूळाचा पक्ष निराधार नाही. तेलाचे घाणे चालवणारा, 'शनवार तेली' म्हणून ओळखला जाणारा हा समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आला. जात्यावरची ओवी त्याच्या स्त्रियांना परकी असणे शक्य नाही. तथापि छंद म्हणजे चाल नव्हे. एकच ओवी अनेक सुरावटींत गायली जाते. त्यामुळे छंदाच्या साम्यावरून चालीचे मूळ सिद्ध होत नाही.

शिवाय आर्या हे मोरोपंतांनी मराठीत रूढ केलेले शास्त्रोक्त मात्रावृत्त आहे. साकी आणि दिंडी हरिदासांच्या कीर्तनात आधीपासूनच प्रचलित होत्या. १८८० मध्येच पुण्यात रंगभूमीवर आलेल्या किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'ने त्याच रचनाप्रकारांना नाट्यपदांत स्थान दिले. म्हणजे खेड्यातील लोकगीताइतकाच नागर कीर्तन-नाट्यपरंपरेचा मार्गही येथे संभवतो. जुन्या मराठी पद्यसंग्रहांत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून एखाद्या परिचित गीताचे आरंभीचे शब्द दिलेले असतात. ही नोंद मोलाची आहे; परंतु कवीने चाल कोठून घेतली एवढेच ती सांगते, चाल कोठे जन्मली हे नाही.

इंग्लंडमधील उदाहरण येथे उद्बोधक ठरते. व्हॉन विल्यम्स यांनी १९०३ मध्ये सरे परगण्यातील फॉरेस्ट ग्रीन येथे एका वृद्ध श्रमिकाकडून लोकगीत टिपून घेतले आणि १९०६ च्या 'इंग्लिश हिम्नल'मध्ये त्याची चाल स्तोत्राला दिली. तेथे गायक, गाव आणि वर्ष यांची नोंद आहे. असा पुरावा हाती आल्याशिवाय 'लोक' हा शब्द निर्णायक मानता येत नाही.

या शब्दाचा सैल वापर निरुपद्रवी नाही. त्यामुळे चालींची निवड करणारे कीर्तनकार आणि त्या कंठस्थ ठेवणाऱ्या स्त्रिया अनामिक ठरतात. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला स्थलांतरित झाला. किनाऱ्यावर आज मोजकीच कुटुंबे उरली आहेत. छापील 'चाल'-नोंदी आणि प्रत्यक्ष गायन यांची तुलना करण्यास अवधी थोडा आहे. तोवर या चालींना 'कोकणी लोकचाली' न म्हणता 'मराठी कीर्तनपरंपरेतील चाली' म्हणणेच अधिक युक्त होय.