हक्कसोडपत्राची भाषा आणि कंपनीची मिळकत : एक चिकित्सा
(हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठवाड्यातील कौटुंबिक मिळकतींच्या व्यवहारांत हक्कसोडपत्र हा अत्यंत परिचित दस्त होय. वडिलांच्या पश्चात बहिणींनी भावाच्या नावे, किंवा एका भावाने दुसऱ्याच्या नावे आपला अविभक्त हिस्सा सोडून द्यावा, यासाठी तो लिहिला जातो. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्याचे जीवन मुख्यत्वे शेतीवर आधारलेले आहे. तथापि हळद व कापूस यांवरील प्रक्रिया, गोदामे आणि शेतीमालाचा व्यापार यांसाठी कुटुंबाने खासगी मर्यादित कंपनी स्थापन करावी, हा मार्ग आता अशा जिल्ह्यांतही खुला आहे. अशा कंपनीत पती-पत्नी हेच संचालक आणि तेच भागधारक असू शकतात. पुढे कंपनीच्या नावे असलेले घर, भूखंड किंवा गोदाम स्वतःच्या नावे करून घ्यावयाचे झाल्यास, कंपनीही आपली व मिळकतही आपली, तेव्हा एक हक्कसोडपत्र केले म्हणजे झाले, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

हा विचार कायद्याच्या कसोटीवर कितपत टिकतो, आणि तो न टिकल्यास सर्वाधिक हानी कोणाची होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दस्ताच्या भाषेचे स्वरूप

कोणतेही हक्कसोडपत्र वाचावयास घेतले असता त्याचा साचा सारखाच दिसतो. प्रथम ‘लिहून घेणार’ व ‘लिहून देणार’ यांची नावे. नंतर मिळकतीचे वर्णन व चतुःसीमा. मग वंशावळ, मूळ मालकाच्या मृत्यूचा उल्लेख आणि त्यामुळे उभयतांना प्राप्त झालेला सामाईक हक्क. आणि शेवटी, हा हक्क प्रेमापोटी, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडून दिला असून यापुढे लिहून देणार किंवा त्याचे वारस यांचा मिळकतीशी संबंध राहिलेला नाही, असे कथन. या कथनाचा आधार नाते हा आहे. जो सोडतो आणि ज्याच्यासाठी सोडतो, ते दोघेही आधीपासून त्याच मिळकतीत उभे असतात. एकाने पाय मागे घेतला की दुसऱ्याची जागा आपोआप विस्तारते.

या दस्ताचे जुने नाव फारकत किंवा फारखत असे होते. ‘मोकळा’ या अर्थाचा अरबी शब्द व ‘खत’ यांच्या संयोगातून तो आला. बोलीत मात्र ‘फारकत’ म्हणजे पती-पत्नीने विभक्त होणे, असाच अर्थ आज रूढ आहे. सोडपत्र आणि सोडचिठ्ठी यांतील साम्यही असेच बोलके आहे. जेथे आधी संबंध होता तेथेच सोडणे अर्थपूर्ण ठरते, ही जाणीव भाषेनेच जपून ठेवलेली आहे.

आता ‘लिहून देणार’ या जागी कंपनीचे नाव घालून पाहावे. कंपनीला वंशावळ नाही, वारस नाहीत. तिची राजीखुशी म्हणजे संचालक मंडळाचा विधिवत ठराव. तिला प्रेम व जिव्हाळाही नसतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५ नुसार निकटच्या नातेवाइकांमधील नैसर्गिक प्रेमापोटी केलेला लेखी व नोंदणीकृत करार मोबदल्याविनाही वैध ठरतो. परंतु कंपनी ही कोणाचीही नातेवाईक नाही. साच्यातील प्रत्येक वाक्य येथे अर्थहीन होते.

कंपनी व तिचे मालक

कंपनी ही आपल्या सभासदांहून स्वतंत्र विधिमान्य व्यक्ती आहे, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८९६ च्या सॉलोमन खटल्याने दृढ केले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने बाचा गझदर विरुद्ध आयकर आयुक्त, मुंबई या प्रकरणात १९५४ साली ते स्पष्ट शब्दांत मांडले. चहाच्या कंपनीकडून मिळालेला लाभांश शेतीचे उत्पन्न मानावा काय, असा तेथे प्रश्न होता. भाग खरेदी केल्याने भागधारकाला कंपनीच्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध प्राप्त होत नाही, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजेच सर्व भाग दांपत्याच्या हाती असले तरी कंपनीच्या गोदामात त्यांचा हिस्सा नसतो. ज्यांचा आधीचा हिस्साच नाही, त्यांच्या नावे हक्क सोडणे ही कल्पना मुळातच विसंगत आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, न्यायालय दस्ताच्या नावाकडे न पाहता आशयाकडे पाहते. हा आक्षेप सबळ आहे. कुप्पुस्वामी चेट्टियार विरुद्ध अरुमुगम चेट्टियार (ए. आय. आर. १९६७ सर्वोच्च न्यायालय १३९५) या निर्णयानुसार, हक्कसोड असे नाव असलेला दस्तही, त्यातील शब्द पुरेसे व्यापक असतील आणि हस्तांतरणाचा हेतू स्पष्ट असेल तर, पूर्वी कोणताही हक्क नसलेल्या व्यक्तीस मालकी देऊ शकतो. परंतु तसे झाले की तो दस्त वस्तुतः विक्री किंवा बक्षीस ठरतो. सारांश, तो हक्कसोड म्हणून राहिला तर मालकी देत नाही. आणि मालकी दिली तर हक्कसोड राहत नाही.

मुद्रांकाचा मोह

या दस्ताची ओढ बहुधा मुद्रांक शुल्कामुळे निर्माण होते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतील अनुच्छेद ५२ प्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीतील हिस्सा विशिष्ट जवळच्या नातेवाइकांच्या नावे सोडल्यास ठराविक अल्प शुल्क लागते. अन्य सर्व प्रकारच्या हक्कसोडींना मात्र खरेदीखताप्रमाणे बाजारमूल्यावर शुल्क देय होते. कंपनीची मिळकत वडिलोपार्जित असणे शक्य नसल्याने सवलतीचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय दस्ताची नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली, असेही नाही. दुय्यम निबंधक मालकीचा निवाडा करीत नाही आणि फेरफार नोंदही मालकी निर्माण करीत नाही.

अमेरिकेत ‘क्विटक्लेम डीड’ नावाचा दस्त प्रचलित असून स्वतःच्या कंपनीच्या नावावरील घर पती-पत्नीच्या नावे करण्यासाठीही त्याचा वापर होतो. देणाऱ्याचा जो काही हक्क असेल तो, कोणतीही हमी न देता, घेणाऱ्याकडे जातो. ‘हक्कसोडपत्र’ हा त्याचा प्रतिशब्द म्हणून योजिला जात असला तरी ही तुलना फसवी आहे. आपल्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ अन्वये, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्याने आपल्या हक्काची हमी दिली असे गृहीत धरले जाते. हक्कसोडपत्राच्या आडोशाला गेलेला खरीददार हे संरक्षण स्वतःहून गमावतो.

शेतजमिनीच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे. हिंगोली हा पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाचा भाग असल्याने तेथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. त्याच्या कलम ४७ नुसार बिगर-शेतकऱ्याच्या नावे शेतजमिनीचे हस्तांतरण निर्बंधित आहे. त्यामुळे घेणाऱ्या दांपत्याची शेतकरी म्हणून पात्रताही तपासावी लागते.

पत्नीच्या हिश्श्याचा प्रश्न

या चिकित्सेचा गाभा येथे आहे. मिळकतीवर पत्नीचे नाव लागावे, ही मागणी महाराष्ट्रात नवी नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती अभियानाने ती गावोगाव नेली आणि १९९२ च्या शासन परिपत्रकाने पतीच्या अर्जावरून सात-बारावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. परंतु ही वाट पतीच्या स्वतःच्या जमिनीपुरती आहे. कंपनीची मिळकत पतीची नसते. म्हणून तेथे पत्नीचा हक्क केवळ दस्ताच्या बळावरच उभा राहतो.

दस्त दुबळा असेल तर काय होते? कंपनी दिवाळखोरीत निघाल्यास, दिवाळखोरी व नादारी संहिता, २०१६ अन्वये, संबंधित व्यक्तींशी त्यापूर्वीच्या दोन वर्षांत अवमूल्यित किमतीने झालेले व्यवहार रद्दबातल करून घेता येतात. धनकोंना फसविण्याच्या हेतूने झालेले हस्तांतरण त्यांच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकते. अशा वेळी कंपनीचे भाग व अन्य मिळकती पतीच्या नावे असतील, तर घरावरील अर्धे नाव हाच पत्नीचा एकमेव आधार असतो आणि तोच प्रथम निसटतो. ‘श्री. व सौ.’ एवढेच लिहून हिस्से न नमूद केल्यास दुसरी अडचण उद्भवते. कलम ४५ प्रमाणे हिस्सा मोबदल्यातील योगदानावर ठरतो आणि पुरावा नसेल तेव्हाच तो समान मानला जातो. मोबदला पतीच्या खात्यातून गेल्याचे दाखविणे अवघड नसते. केवळ दोघांची नावे आहेत म्हणून पतीच्या निधनानंतर त्याचा हिस्साही आपोआप पत्नीकडे जात नाही. तो त्याच्या वारसांकडे जातो.

येथे एक विसंगती नजरेत भरते. मुलींना महाराष्ट्रात १९९४ च्या सुधारणेने, आणि देशभर २००५ च्या सुधारणेने, सहदायाद म्हणून हक्क मिळाला. तरीही माहेरच्या मिळकतीवर ‘राजीखुशीने’ सही करणारी बहुधा बहीणच असते. ज्या दस्ताने स्त्री माहेरचा हक्क गमावते, त्याच दस्ताने सासरी तिला हक्क मिळाल्याचा आभास निर्माण होतो. पहिला दस्त कायद्याने टिकतो. दुसरा टिकेलच असे नाही.

समारोप

कंपनीची मिळकत दांपत्याच्या नावे करण्याचा मार्ग बंद नाही; तो केवळ अधिक काटेकोर आहे. संचालकांनी आपला हितसंबंध जाहीर करावा व मंडळाने ठराव करावा. मोबदला रोख रकमेखेरीज अन्य स्वरूपाचा असल्यास कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १९२ प्रमाणे सर्वसाधारण सभेची पूर्वसंमती घ्यावी. बँकेचा बोजा असल्यास तो आधी उतरवावा. वास्तव मूल्यावर खरेदीखत करावे, पूर्ण मुद्रांक भरावा आणि दस्तातच पती व पत्नी यांचे हिस्से व प्रत्येकाचा मोबदला स्वतंत्रपणे लिहावा. यात खर्च अधिक आहे, परंतु त्या खर्चातच पत्नीच्या हक्काची शाश्वती आहे.

दस्तलेखकाच्या साच्यातील ‘सोडून दिले’ हे क्रियापद अशा व्यवहारात काढून टाकावे लागेल आणि त्या जागी ‘विकत दिले’ असे लिहावे लागेल. कंपनीजवळ दांपत्यासाठी सोडण्यासारखे काही नसते; तिला मिळकत द्यावीच लागते, आणि दिल्याची किंमत घ्यावी लागते.