‘जग’ : एक लेखन, दोन वाचने

मराठी जशी उच्चारली जाते तशीच लिहिली जाते, हे विधान पुष्कळदा निरपवाद म्हणून केले जाते. त्याच्या समर्थनार्थ चिनी लिपीचा विरोधी दाखला देण्याची प्रथा आहे. चिनीत एकच चिन्ह ‘शिंग’ असे वाचले म्हणजे ‘चालणे, आचरणे’ असा अर्थ होतो. ‘हांग’ असे वाचले म्हणजे ‘ओळ’ किंवा ‘पेढी’. कोणते वाचन घ्यावयाचे हे संदर्भावरून ठरते. असा प्रकार मराठीत संभवत नाही, हे मत मात्र तपासून पाहिले पाहिजे.

‘जग’ ही दोन अक्षरे घ्यावीत. ‘विश्व’ या अर्थी यातील ‘ज’ तालव्य आहे. ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपात तो दंततालव्य आहे. ‘वार्धक्य’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ यांतही हाच भेद आहे. स्थूलमानाने इ, ए, य यांच्यापूर्वी तालव्य उच्चार व इतरत्र दंततालव्य, अशी तद्भव शब्दांची व्यवस्था आहे. ‘घराचा’ व ‘घराची’ यांत ती स्पष्ट दिसते. एवढ्यावरून दोन्ही उच्चार एकाच ध्वनिघटकाची परिस्थितिजन्य रूपे होत, असा निष्कर्ष काढणे मोहक आहे. परंतु तो टिकत नाही. तत्सम शब्दांनी आपली तालव्यता राखल्यामुळे एकाच परिसरात दोन्ही उच्चार येतात व अर्थ बदलतात. ‘चार’ या संख्यावाचकाची साक्ष आणखी बोलकी आहे. जुन्या मराठीत ‘च्यारि’ असे रूप आढळते. पुढे यकार लोपला, तालव्यता मात्र राहिली. म्हणून ‘चार’ आणि ‘चारा’ यांचे आद्याक्षर लेखनात एक, उच्चारात भिन्न आहे.

चिनी लिपीशी असलेले हे साम्य मर्यादित आहे, हेही नमूद केले पाहिजे. तेथे चिन्ह अर्थयुक्त घटकाचे असते, येथे ते ध्वनीचे आहे. तथापि शब्दाच्या पातळीवर वाचकाची अडचण एकच: आधी अर्थ कळावा, मग उच्चार ठरावा.

या प्रश्नाचे महत्त्व अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवाशाच्या संदर्भात विशेष जाणवते. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी येथे गीतेवर टीका केली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे ग्रंथाच्या अखेरीस सांगितले आहे. म्हणजे ग्रंथाचे मूळ वाणीत आहे. हाती राहिले ते लेखन. त्यातील ‘च’ आणि ‘ज’ आज पारायणात ज्या रीतीने उच्चारले जातात तो उच्चार परंपरेने कानावर आलेला आहे, पोथीतील अक्षराने दिलेला नव्हे. सबब आजच्या उच्चाराच्या आधारे तेराव्या शतकातील यमके वा अनुप्रास तपासणे शास्त्रशुद्ध ठरत नाही. ‘च्यारि’सारखी लेखनरूपे हाच तेथे विश्वसनीय पुरावा होय. म्हणूनच पोथीच्या संपादकाने अशी रूपे प्रचलित लेखनाप्रमाणे ‘सुधारणे’ हे पुरावा नष्ट करण्यासारखे आहे.

रोजच्या लेखनात अक्षराखाली नुक्ता देण्याची आवश्यकता नाही. मातृभाषकाला कान पुरेसा आहे. परंतु ज्याच्या घरी मराठी बोलली जात नाही त्या विद्यार्थ्यापाशी तो कान नसतो. कोशांत आणि पाठ्यपुस्तकांत तरी हा भेद दाखविला गेला पाहिजे. लिपीचा अभिमान तिच्या मर्यादा ओळखूनच बाळगणे इष्ट.