जिभेची समीक्षा

आमच्या भाषेंत गळा गोड, बोलणें तिखट, अनुभव कडू आणि कीर्तन रसाळ! कानाचा नि मनाचा कारभारही जिभेनेंच बळकावला आहे. टीकाकारांचे रसिक, रसग्रहण, आस्वाद हे शब्दही तिचेच. नाट्यशास्त्रांत भरतानेंही रस समजावितांना भोजनाचाच दाखला दिला. 'समीक्षा' व 'समालोचन' हे शब्द मात्र पाहण्यावरून आलेले; पण ते मिरविणारे बहुधा चाखूनच थांबतात. बालकवींच्या 'औदुंबर' कवितेस आम्हीं कितीदां नुसतें 'गोड' म्हटलेलें ऐकलें आहे! ओळी अवघ्या आठ. पण त्यांत हिरवीं कुरणें आहेत, पांढरी पायवाट आहे, काळा डोह आहे. ती वाट कुरणांतून नेमकी त्या डोहाकडेच जाते. एवढें दिसल्यावर तिला गोड म्हणवत नाहीं.