शंकूची छाया आणि मुलांचीं पुस्तकें

मध्याह्नीं सूर्य डोक्यावर येतो, हें वाक्य मुलांच्या पुस्तकांतून कांहीं केल्या हटत नाहीं. हिंगोली जिल्ह्यांतील वारंगा फाट्यावर अंगणांत काठी रोवली, तर तें खोटें ठरतें. तेथें सूर्य ऐन माथ्यावर येतो वर्षांतून दोनदांच, मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस; तोहि घड्याळांतील बारानंतर सुमारें वीस मिनिटांनीं. २१ जूनला तर मध्याह्नछाया दक्षिणेस पडते! हें पाहून उत्तर लिहिणाऱ्या मुलास शून्य मिळावें, हा त्याच्या डोळ्यांचा अपमान होय. बारा अंगुळांच्या शंकूवर आमच्या ज्योतिषांनीं दिशा व काल साधले. आम्हांस खडूहि जड होतो. छायेचें टोक घटकाघटकेस टिपावें, सर्वांत आंखूड छाया मुलांनींच शोधावी. सूर्य चालतो कीं पृथ्वी फिरते, हा प्रश्न त्यानंतरचा.